बगॅसच्या कुंडीवर बुरशी चढते, मग ती जमिनीत का कुजत नाही?

कराड तालुक्यातील एका लघुउद्योजकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते पॉलिलॅक्टिक आम्लाच्या, म्हणजे पीएलए या जैवप्लास्टिकच्या दाण्यांत वजनाने ३० टक्के बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा भुसा मिसळून रोपवाटिकांसाठी लहान कुंड्या तयार करतात. मिरचीचे रोप कुंडीसकट जमिनीत लावायचे आणि कुंडी आपोआप कुजून जायची, अशी त्यामागची कल्पना. गेल्या पावसाळ्यात गोदामातल्या खोक्यांत तीन आठवड्यांत हिरवी-काळी बुरशी आली, तेव्हा आपला माल लवकर कुजतो अशी त्यांची खात्री झाली. प्रत्यक्षात जूनमध्ये ठिबकवर लावलेल्या कुंड्या फेब्रुवारीत नांगरटीच्या वेळी जवळजवळ अखंड वर आल्या. रंग राखाडी, कडा ठिसूळ, पण आकार कायम. धुऊन, वाळवून वजन केले तेव्हा घट ११ टक्के भरली. कोणती बुरशी मिसळली, किंवा बगॅस किती वाढवला, म्हणजे कुंडी एका हंगामात नाहीशी होईल, असे त्यांना विचारायचे आहे.

तुमच्या प्रश्नात ‘कोणती बुरशी’ हा भाग पुढे आला आहे, पण माझ्या मते अडचण तिथे नाही. तुमच्या कुंडीत दोन पदार्थ एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि त्या दोहोंना खाणारे जीव, त्यांना लागणारे तापमान, ओल आणि वेळ हे सगळे निरनिराळे आहे. गोदामातली बुरशी जवळजवळ पूर्णपणे बगॅसवर जगत होती, आणि शेतातून जे वर आले ते मुख्यतः पीएलए होते. या दोन घटना एकाच वस्तूवर घडल्यामुळे परस्परविरोधी वाटतात, इतकेच. मी गेली बावीस वर्षे सांगलीत सूक्ष्मजीवांच्या चाचण्यांचे काम करतो, आणि वनस्पतींचे धागे घातलेले जैवप्लास्टिक घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी हीच गल्लत केलेली मी पाहिली आहे. सुरुवातीच्या काळात मीही मोजमापात चुका केल्या होत्या. त्यांविषयी पुढे लिहितो.

आधी गोदामाकडे पाहू. साखर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी आणि दोन-तीन टक्के साखर शिल्लक असते. वाळवून दळल्यावर पाणी जाते, साखर राहते. उरलेल्या कोरड्या भागात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, २५ ते ३० टक्के हेमिसेल्युलोज आणि २० टक्क्यांच्या आसपास लिग्निन असते. कुंडी साच्यातून निघते तेव्हा काठावर आणि तळाशी या भुशाची टोके उघडी पडलेली असतात. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील सापेक्ष आर्द्रता सलग कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम यांसारख्या बुरशींचे बीजाणू हवेत नेहमीच असतात आणि त्यांना रुजायला एवढी ओल पुरते. बुरशीचा थर डोळ्यांना मोठा दिसला तरी त्याचे कोरडे वजन नगण्य असते. काही मिलिग्रॅम साखर आणि पुठ्ठ्याच्या खोक्याची धूळ यांवर तो सहज पोसला जातो. पुठ्ठा हाही सेल्युलोजच, हे विसरू नका. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत बुरशीची सुरुवात मालापासून न होता खोक्यापासून झालेली निघाली आहे.

या ठिकाणी चाचणी-अहवालांविषयी एक सावधगिरीचा शब्द. आयएसओ ८४६ किंवा एएसटीएम जी २१ या पद्धतींत नमुन्यावर ठरावीक बुरशींचे बीजाणू फवारून सुमारे चार आठवडे ओलसर, उबदार जागेत ठेवतात आणि किती पृष्ठभाग झाकला गेला त्यावरून श्रेणी देतात. या चाचण्या मुळात तारा, गास्केट, विद्युत उपकरणांची आवरणे अशा वस्तू बुरशीपुढे किती टिकतात हे पाहण्यासाठी तयार झाल्या. त्यांतील सर्वांत वाईट श्रेणी मिळाली म्हणून वस्तू जैवविघटनशील ठरत नाही. पृष्ठभागावर बुरशीला काहीतरी खायला मिळाले, एवढेच त्यातून कळते. दाण्यांच्या विक्रेत्याने असा अहवाल ‘कुजण्याचा पुरावा’ म्हणून पुढे केल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. तुम्हालाही तसा कागद मिळाला असेल तर त्यावरचा पद्धतीचा क्रमांक आधी वाचा.

आता पीएलए. बुरशी तोंडाने खात नाही. दोन ते दहा मायक्रोमीटर जाडीचे कवकतंतू पृष्ठभागावर पसरतात, विकरे म्हणजे एन्झाइम बाहेर सोडतात, ती विकरे मोठ्या रेणूंचे तुकडे करतात आणि मग लहान तुकडे तंतूंत शोषले जातात. विकराचा रेणू इतका मोठा असतो की तो घट्ट प्लास्टिकच्या आत शिरू शकत नाही. त्याला पृष्ठभागावरूनच कुरतडावे लागते. सेल्युलोज कुरतडणारी विकरे मातीतल्या असंख्य बुरशींकडे तयार असतात, कारण त्यांचे पूर्वज कोट्यवधी वर्षे काडीकचऱ्यावर जगत आले आहेत. पीएलए तोडू शकणारी विकरे फार थोड्यांकडे आहेत, आणि ज्यांच्याकडे आहेत तेही ती पीएलए पाहून सोडत नाहीत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ट्रिटिराकियम अल्बम ही बुरशी. प्रयोगशाळांत रोज वापरले जाणारे प्रोटिनेज के हे विकर तिच्यापासून मिळते, आणि हे विकर पीएलए तोडते हे १९८१ पासून माहीत आहे. मुळात ते केस-नखांतील केराटिनासारखी प्रथिने पचवण्यासाठी आहे. पीएलएची साखळी त्याला प्रथिनाच्या साखळीसारखी भासते, म्हणून ते तिलाही तोडते. पुढे २००१ मध्ये जपानमधील संशोधकांनी दाखवले की या बुरशीकडून पीएलएचे विघटन घडवून घ्यायचे तर माध्यमात थोडे जिलेटिन घालावे लागते, म्हणजे प्रथिनाची चाहूल द्यावी लागते. मिरचीच्या शेतात ही चाहूल कोण देणार? म्हणून ‘पीएलए खाणारी बुरशी सापडली’ अशी बातमी वाचली की मी प्रथम ती कोणत्या तापमानाला, कोणत्या माध्यमात आणि पीएलएच्या कोणत्या स्वरूपावर वाढवली होती ते पाहतो. पातळ पापुद्रा, भुकटी आणि दीड मिलिमीटर जाडीची कुंडी यांत फार अंतर आहे.

प्रत्यक्षात पीएलए कुजण्याची पहिली पायरी सूक्ष्मजीवांची नसतेच; ती पाण्याची असते. पाण्याचे रेणू प्लास्टिकच्या आत शिरतात आणि साखळ्या हळूहळू तोडतात; याला जलअपघटन म्हणतात. बाजारातील पीएलएचा सरासरी रेणुभार लाखाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. तो दहा हजारांच्या घरात उतरला की तुकडे सुटू लागतात आणि मग बुरशी, जिवाणू आणि ॲक्टिनोमायसीट (बुरशीसारखे तंतू करणारे जिवाणू) यांना ते पचवणे शक्य होते. या पहिल्या पायरीचा वेग तापमानावर विलक्षण अवलंबून आहे. पीएलएचे काचसंक्रमण तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअस आहे. त्याखाली साखळ्या जखडलेल्या असतात, त्याच्या आसपास आणि वर त्या हालू लागतात आणि पाण्याला वाट मिळते. औद्योगिक कंपोस्टच्या चाचण्या ५८ अंशांना घेतल्या जातात यामागे हेही कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. ५८ अंशांना काही आठवड्यांत घडते ते २५-३० अंशांना वर्षानुवर्षे रेंगाळते. कृष्णाकाठच्या जमिनीत मुळांच्या थराला उन्हाळ्यातही ५८ अंश मिळत नाहीत, आणि ज्या दिवशी मिळतील त्या दिवशी मिरची शिल्लक राहणार नाही.

मग ३० टक्के बगॅस घातल्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, आणि संमिश्राच्या, म्हणजे अशा मिसळलेल्या पदार्थाच्या अभ्यासातला खरा गमतीचा भाग हाच आहे. पीएलए स्वतः पाणी फारसे घेत नाही, पण बगॅस घेतो. कुंडी ओली झाली की आतला धागा फुगतो, वाळली की आकसतो. प्लास्टिक तेवढे फुगत नाही, त्यामुळे दोघांच्या सांध्यावर ताण येतो, तिथे केसासारख्या भेगा पडतात आणि धाग्याच्या कडेने एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून पाणी आत जाते, पाण्यामागून कवकतंतू जातात. तंतू आधी हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज खातात, बोगदा रुंद होतो, आणि पूर्वी आत बंदिस्त असलेला पीएलएचा पृष्ठभाग उघडा पडतो. तुमच्या कुंडीच्या कडा ठिसूळ झाल्या त्या यामुळेच. साच्याच्या काठावर किंवा छाटलेल्या बाजूला धाग्यांची टोके उघडी असतात, आणि तिथूनच ही प्रक्रिया सुरू होते.

परंतु बोगदे एकमेकांना मिळाले पाहिजेत. भुशाचे प्रमाण कमी असेल तर प्रत्येक कण प्लास्टिकच्या आवरणात एकटा पडतो. बाहेरच्या कणांपर्यंत बुरशी पोहोचते आणि तिथेच थांबते. प्रमाण वाढत गेले की एका टप्प्यावर कण एकमेकांना स्पर्श करू लागतात आणि पृष्ठभागापासून गाभ्यापर्यंत सलग वाट तयार होते. हा टप्पा नेमका किती टक्क्यांवर येतो हे कणांची लांबी-रुंदी, त्यांची दिशा आणि मिसळण्याचा एकसारखेपणा यांवर ठरते, म्हणून मी आकडा देत नाही. लांब धागे कमी प्रमाणातही एकमेकांना भेटतात, बारीक दळलेल्या भुशाला मात्र अधिक प्रमाण लागते. शिवाय इंजेक्शन मोल्डिंगमध्ये साच्याच्या भिंतीलगत जवळजवळ निव्वळ प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि धागे आत दबून राहतात. एकाच कुंडीचा एक तुकडा करवतीने कापून आणि दुसरा न कापता मी शेजारीशेजारी पुरला आहे. कापलेल्या कडेकडून कवकतंतू आत शिरलेले स्पष्ट दिसत होते आणि अखंड पृष्ठभाग मात्र जवळपास होता तसाच होता. म्हणून कापलेल्या चौकोनी नमुन्यांवर घेतलेली चाचणी अखंड कुंडीला जशीच्या तशी लावता येत नाही.

इथे उत्पादकाची एक खरी कोंडी आहे. धागा आणि पीएलए यांची पकड वाढावी म्हणून कोणी भुसा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कोणी मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पीएलए थोडे मिसळतात. पकड सुधारली की कुंडी मजबूत होते आणि पाणी कमी पिते. आणि पाणी कमी पिते म्हणूनच बुरशीची वाट अरुंद होते. मजबुती आणि कुजणे यांत तुम्हाला काय किती हवे हे आधी ठरवावे लागेल. त्याच्या उलट बाजूची गोष्ट म्हणजे भुसा नीट न वाळवता एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात घातला तर १७०-१९० अंशांना त्यातल्या ओलीने पीएलएच्या साखळ्या तिथेच तुटतात. असा माल सुरुवातीपासून ठिसूळ असतो, पण जमिनीत लवकर फुटतो. तुमच्या दोन लॉटच्या वागण्यात फरक दिसत असेल तर सूत्राइतकाच ड्रायरचाही संशय घ्या.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच महाबळेश्वरची तांबडी, आम्लधर्मी, पावसाने सतत भिजलेली माती आहे आणि माण-आटपाडी-जतकडची कोरडी माळरानेही आहेत. बुरशीला ओल हवी, पण हवाही हवी. शिराळ्याकडच्या ओलसर, भुसभुशीत जमिनीत बगॅसचा भाग जितक्या लवकर जाईल तितक्या लवकर तो जतला जाणार नाही, कारण तिथे वर्षातील बराच काळ बुरशी नुसती झोपून असते. मिरज-वाळवा पट्ट्यातील भारी काळ्या जमिनीत पाटपाणी साचले की मुळांजवळचा प्राणवायू संपतो आणि तंतुमय बुरशी मंदावते. क्षारपड जमिनीत तर आणखीच. काळ्या जमिनीचा सामू (पीएच) साधारण साडेसात ते साडेआठ असतो, त्यामुळे बुरशीपेक्षा जिवाणू आणि ॲक्टिनोमायसीट यांचा वाटा तिथे वाढतो. तुमच्या कुंड्या ठिबकवर होत्या, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही बऱ्यापैकी होत्या, तरीही हा निकाल आला. त्यामुळे जमिनीला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. हे सगळे घटक बगॅसचा वेग बदलतात. पीएलए मात्र यांपैकी कोणत्याही जमिनीत एका हंगामात जाणार नाही, हे मी बऱ्याच खात्रीने म्हणू शकतो.

आता तुमच्या ११ टक्क्यांविषयी, कारण त्या आकड्यात बरेच काही दडलेले आहे. शंभर ग्रॅम कुंडीत तीस ग्रॅम भुसा आहे. पुरण्यापूर्वीचे वजन हवेत ठेवलेल्या कुंडीचे असेल आणि भुशाने हवेतील आठ टक्के ओल धरलेली असेल, तर जवळपास अडीच ग्रॅम नुसते पाणीच होते. शिल्लक साखर आणि पाण्यात विरघळणारे इतर पदार्थ पहिल्या दोन-तीन पाण्यांतच धुऊन जातात. त्यालाही कुजणे म्हणता येत नाही. उरलेली घट सारीच्या सारी बुरशीने केली असे धरले तरी ती भुशाच्या एक-तृतीयांशाच्या आत-बाहेर येते. म्हणजे पीएलएला प्रत्यक्ष धक्का लागला असे या आकड्यावरून अजिबात सिद्ध होत नाही. उलट दिशेची चूकही संभवते: तंतू आणि माती भेगांत अडकून राहिल्याने वजन कमी झालेले असूनही दिसत नाही.

माझ्या चुका इथे सांगतो. अगदी सुरुवातीला मी असे नमुने माती वाळवण्याच्या सवयीने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. सकाळी कुंडीच्या जागी वेडावाकडा पत्रा मिळाला. दुसऱ्या खेपेला निर्जंतुक तुलनेसाठी नमुनाच ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांच्या वाफेत घातला, आणि काही महिन्यांनी निर्जंतुक मातीतला तुकडा जिवंत मातीतल्या तुकड्यापेक्षा अधिक खिळखिळा निघाला. बुरशी नसताना अधिक कुजणारे प्लास्टिक म्हणून मी क्षणभर हरखलो होतो. वाफेने साखळ्या आधीच तुटल्या होत्या हे ध्यानात यायला दोन दिवस लागले. तेव्हापासून नमुना ४०-४५ अंशांना स्थिर वजन येईपर्यंत वाळवायचा, अल्कोहोलने पुसायचा आणि ऑटोक्लेव्ह फक्त मातीला लावायचा, असा नियम केला आहे.

प्रमाणित चाचण्यांत वजनापेक्षा बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मोजतात, आणि ते योग्यच आहे, कारण सूक्ष्मजीवाने पदार्थ खरोखर श्वासात जाळला का हे त्यातून कळते. कंपोस्टसाठी आयएसओ १४८५५ आहे, मातीसाठी आयएसओ १७५५६; मातीची चाचणी २५ अंशांच्या आसपास घेतात आणि ती दोन वर्षांपर्यंत चालू शकते. संमिश्राच्या बाबतीत मात्र इथेही एक हिशेब करावा लागतो. सेल्युलोजमध्ये वजनाच्या ४४ टक्के कार्बन असतो, पीएलएमध्ये ५० टक्के. तुमच्या मिश्रणात सगळा भुसा सेल्युलोज धरला तरी एकूण कार्बनपैकी सुमारे २७-२८ टक्के भुशाचा आणि बाकी पीएलएचा. म्हणून अहवालात ‘२५ टक्के जैवविघटन’ असे आले आणि तिथे आलेख आडवा झाला, तर भुसा संपला आणि पीएलए जागेवर आहे असेच वाचायचे. शंका राहू नये म्हणून निव्वळ पीएलएचा नमुना शेजारी लावणे आवश्यक आहे. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी पीबीएटी या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये जड कार्बनची खूण घालून तोच कार्बन मातीतल्या तंतुमय बुरशीच्या शरीरात गेलेला दाखवला होता. पुरावा म्हणतात तो असा. आपल्याला तेवढे करण्याची गरज नाही, पण दोन पदार्थांचा हिशेब वेगळा ठेवण्याची आहे.

‘बुरशी मिसळली तर?’ या मूळ प्रश्नाचे उत्तर आता सोपे होते. बाजारात मिळणारे ट्रायकोडर्मा मातीत घातल्याने रोपाच्या मुळांना फायदा होऊ शकतो आणि बगॅसचा भाग कदाचित थोडा लवकर जाईल, पण पीएलएवर त्याचा परिणाम अपेक्षू नका. ट्रायकोडर्माच्या कुळाची कीर्ती सेल्युलोजवर आहे: दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजत होते, त्यावरून मिळालेली ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी पुढे सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांच्या उद्योगाचा आधार बनली. दाण्यांतच बीजाणू मिसळण्याचा विचार असेल तर तो सोडा. १७० अंशांच्या वितळलेल्या प्लास्टिकमधून ते जिवंत बाहेर येत नाहीत.

शिवाय पाचटाचा अनुभव तुम्हाला आहेच. ऊस तुटल्यावर पाचट शेतातच कुजवताना हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे संवर्धक टाकण्याची शिफारस आहे. त्यातला युरिया कशासाठी? काडीत कार्बन भरपूर आणि नत्र अत्यल्प असते, म्हणून बुरशी नत्र मातीतून उचलते आणि तात्पुरते पीक पिवळे पडते. कुंडीचा भुसा कुजतानाही हेच लहान प्रमाणात आणि नेमके रोपाच्या मुळांशेजारी घडते. बगॅसचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेलेत तर लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात नत्राचा हप्ता थोडा आधी द्यावा लागेल, हे शेतकऱ्याला सांगून ठेवा. नाहीतर पिवळेपणाचा दोष कुंडीवर येईल आणि त्यात तथ्यही असेल.

बगॅस वाढवल्याने वाट मोकळी होईल, कुंडी लवकर तुकडे-तुकडे होईल, पण ते तुकडे पीएलएचेच असतील. ठिसूळ होऊन मातीत मिसळलेले बारीक प्लास्टिक डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते नाहीसे झाले असे मी लिहून देणार नाही. अखंड कुंडी निदान वेचता तरी येते.

तुमच्या जागी मी काय केले असते, ते सांगतो. रोप कुंडीसकट लावायचे हाच हेतू असेल तर आधारद्रव्य, म्हणजे भुसा धरून ठेवणारे प्लास्टिक बदला. पीएचबी आणि त्याच्या कुळातील प्लास्टिके जिवाणू स्वतःच अन्नसाठा म्हणून तयार करतात, आणि ती तोडणारी विकरे मातीतल्या पेनिसिलियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशींकडे साध्या तापमानाला उपलब्ध असतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोनवर फ्युजेरियमचे क्युटिनेज चालते, जे मुळात पानावरचा मेणचट थर फोडण्यासाठी आहे. ही प्लास्टिके पीएलएपेक्षा महाग पडतात, म्हणून भिंत शक्य तितकी पातळ आणि धाग्याचे प्रमाण जास्त, अशी रचना करावी लागेल. किंवा प्लास्टिकच सोडून पत्रावळींप्रमाणे बगॅसच्या लगद्याची दाबलेली कुंडी करा. ती जमिनीत खात्रीने जाईल. अडचण एवढीच की रोपवाटिकेत रोज पाणी मारताना तीस-चाळीस दिवस ती उभी राहिली पाहिजे, आणि तिथे तिची भिंत जाड ठेवावी लागते. मिरचीसाठी मला हाच मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

पीएलएच ठेवायचे असेल तर लागवडीच्या वेळी कुंडी काढून परत गोळा करा आणि गरम कंपोस्टमध्ये पाठवा. आपल्याकडे साखर कारखान्यांत प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाच्या मोठ्या ओळी लावून कंपोस्ट करतात, तिथे ढिगाच्या गाभ्यात ६० अंशांच्या आसपास तापमान अनेक दिवस टिकते. एवढ्या उष्णतेत बहुतेक बुरशी थांबते. पीएलएच्या साखळ्या पाणी आणि उष्णता तोडतात, उष्णताप्रिय जिवाणू आणि ॲक्टिनोमायसीट पुढचे काम करतात आणि ढीग निवल्यावर बुरशी परत येते. कुंड्या आधी चिरडून टाकाव्या लागतील आणि कारखान्याची संमती लागेल. विक्रीच्या बाजूने पाहता, भारतात ‘कंपोस्टेबल’ म्हणून माल विकायचा तर आयएस/आयएसओ १७०८८ प्रमाणे चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. ते मिळाले तरी ‘जमिनीत कुजते’ असे खोक्यावर छापता येत नाही, कारण ती चाचणी औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेची आहे.

गोदामाचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. खोकी जमिनीपासून उचलून लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा, कुंड्या पूर्ण थंड आणि कोरड्या झाल्यावरच भरा, आणि भुसा वापरण्यापूर्वी एकदा गरम पाण्याने धुऊन वाळवा म्हणजे साखर निघून जाईल. बुरशी आलेली खोकी झाडताना कामगारांना चांगला मास्क द्या. कुबट बगॅसच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा बगॅसोसिस हा आजार साखर उद्योगात जुना परिचित आहे, आणि त्याला कारण होणारे उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीट उघड्या डोळ्यांना बुरशीच्या भुकटीसारखेच दिसतात.

पुढचा निर्णय घेण्यापूर्वी एक स्वस्त चाचणी जरूर करा. नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत चार प्रकार भरा: तुमची अखंड कुंडी, निव्वळ पीएलएची कुंडी, लगद्याची कुंडी आणि जाड सुती कापडाची पट्टी. सगळ्या पिशव्या ठिबकच्या ओळीत १५ सेंटिमीटर खोल पुरा आणि प्रत्येक प्रकाराच्या किमान नऊ पिशव्या ठेवा, म्हणजे दोन, चार आणि आठ महिन्यांनी तीन-तीन काढता येतील. पहिल्या दोन महिन्यांत सुती पट्टी हाताने सहज फाटण्याइतकी कुजली नाही, तर जमिनीत ओल किंवा हवा कमी आहे असे समजून बाकीचे निकाल बाजूला ठेवा. प्रत्येक खेपेला वजनाबरोबर पीएलएचा रेणुभारही अप्रत्यक्षपणे पाहता येतो: तुकडा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा, भुसा गाळून काढायचा आणि द्रावणाची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, मूळ मालाच्या तितक्याच तीव्रतेच्या द्रावणाशी ताडून पाहायची. कराड, सांगली किंवा साताऱ्याच्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाकडे त्यासाठी लागणारा काचेचा व्हिस्कोमीटर असतो. फेब्रुवारीत वर आलेल्या कुंड्यांपैकी दोन-तीन अजून फेकल्या नसतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा, आणि त्याच लॉटची न पुरलेली एखादी कुंडी तुलनेसाठी कोरड्या डब्यात बंद करून ठेवा.